उघड्या पोटाचा बैल

महाराष्ट्र होऊन वीसेक वर्षं झाली होती आणि खामगावजवळच्या आमच्या गावात पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, नवीनच आली होती. आठवडी बाजारातून मीठ, शेव, चिवडा, सगळं पन्नीत बांधून येऊ लागलं आणि उरलंसुरलं अन्न त्याच पन्नीला गाठ मारून उकिरड्यावर जाऊ लागलं. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मला ती पन्नी पहिल्यापासून आवडली नव्हती. पण तेव्हा मला पुष्कळच गोष्टी आवडत नसत, त्यामुळे माझं कुणी मनावर घेत नसे.

ज्यांच्या घरात मी भाड्याने राहायचे त्या भाऊंचा एक बैल त्या पावसाळ्यात गेला. आधी वैरणीला तोंड लावेना, मग पोट फुगलं. ढोरांच्या डॉक्टरांनी मेल्यावर पोट उघडलं, तेव्हा आतून पन्न्यांचा गच्च गोळा निघाला. काहींची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. जोडीतला दुसरा तेवढा उरला. भाऊ मला म्हणाले, "बाई, तुमाले चित्र काढता येते. लोकाइले दाखवा ना हे. मी सांगतो तं हासतात. हा बी गेला तं वावर पडीत राहीन माहं."

मी मनापासून कामाला लागले. कामट्यांचा सांगाडा बांधला, उकिरड्यावरच्या पन्न्या वेचून, धुऊन त्यावर ताणून बसवल्या. खऱ्या बैलाएवढा बैल झाला. एक कूस मुद्दाम उघडी ठेवली आणि आत तसाच गोळा टांगला. पोळ्याला अख्खं गाव बैल घेऊन तोरणाखाली जमतं, म्हणून तिथंच तो उभा करायचा ठरलं. चित्र स्वतःच बोलतं, समजावून सांगावं लागत नाही, असा माझा त्या काळी ठाम समज होता.

पोळ्याच्या दुपारी लोक आले, बघून गप्प झाले. मला वाटलं, लागलं. तेवढ्यात एका म्हातारीनं पुढं होऊन त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. पोळ्याच्या दिवशी बैल दिसला की आमच्याकडचा हात आपोआप कुंकवाकडे जातो, त्याला कोण काय करणार. मागोमाग बायका पुरणपोळीचा निवद घेऊन आल्या. मी म्हटलं, "अहो, हा पुजायचा बैल नाही. त्याच्या पोटात बघा." एक जण समजुतीनं म्हणाली, "पाह्यलं ना बाई. पन देवाचं पोट असं उघडं ठेवतात काय?" आणि तिनं घरून झूल आणून कुशीवर टाकली. चांगली आरशांची झूल होती. गोळा दिसेनासा झाला.

गणपती करायला गेलं तर मारुती होतो म्हणतात. मी मढं करायला गेले आणि त्याचा देव झाला. गावानं इतकं कौतुक केलं की भांडायलाही जागा उरली नाही. भाऊ तेवढे तोरणाच्या टोकाला आपला एकटा बैल धरून उभे होते. त्यांच्याकडे बघायचं मी टाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी बैल मोडायला गेले तर गाव आडवं आलं. मातीचे बैल पुजून झाले की नदीत सोडायचे ही आमच्याकडची रीत. हाही तसाच सोडायचा. पन्नी पाण्यात विरघळत नाही हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. "पुजलेला बैल मोडला तं गावाले लागन, बाई," असं मलाच बजावण्यात आलं, आणि तो वाजतगाजत डोहावर गेला.

डोहात तो बुडाला नाही. तरंगत जाऊन खडकाला लागला, उसवला, आणि पन्न्या काठच्या लव्हाळ्यात अडकत गेल्या. माणसं हात जोडून परतली. मी पाण्यात उतरून हाताला येतील तेवढ्या गोळा केल्या. पाण्याला ओढ होती, बहुतेक निसटल्या. गावची सगळी ढोरं त्याच डोहावर पाणी प्यायची आणि तिथलंच गवत ओरबाडायची. इतकी वर्षं झाली, पण तो काठ आठवला की अजून जीव तुटतो.

थोड्या वेळानं भाऊ बैल घेऊन आले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी लव्हाळ्यातल्या पन्न्यांकडे पाहिलं, कासरा आखूड धरला आणि हळूच विचारलं, "बाई, आता याले पानी कुठं पाजू?"