पेशीतल्या सोडियमचा वेग

मिरजेतल्या एका प्रयोगशाळेत मी तेव्हा संशोधन सहायक होते. रक्तातल्या तांबड्या पेशींमधून सोडियम किती वेगानं बाहेर पडतं, ते मोजायचं काम. आईवडिलांना रक्तदाब असला तर मुलांत हा वेग आधीपासूनच जास्त असतो का, दाब चढायच्या आत धोका ओळखता येईल का, एवढाच प्रश्न. त्याच्यापायी माझी तीन वर्षं सातारा-मिरज बसमध्ये गेली.

साताऱ्यात एक निवृत्त सुभेदार होते, कित्येक वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. त्यांचं आणि त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या लेकीचं रक्त मी घेतलं, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. कराडच्या पुढं बस बंद पडली. भर उन्हात दुसरी गाडी मिळेपर्यंत बर्फाचं पाणी झालं. मिरजेत नळ्या यंत्रात फिरवल्या, तर वरचा द्रव लालभडक. पेशी फुटल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्या दारात.

"आवं ताई, परवाच तर दिलं की रगत!" सुभेदार म्हणाले.

"वाटेत खराब झालं. चूक माझीच."

त्यांनी बाही वर सरकवली. लेकीनंही हात पुढं केला.

या वेळी नमुने नीट पोचले. लेकीचा आकडा चढा निघाला, दाब मात्र अगदी व्यवस्थित. मी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना विचारलं. ते म्हणाले, "गटाची सरासरी सांगता येते, एकट्या माणसाचं नाही. घरात कुणाला दाब नाही अशांचेही आकडे चढे आलेत की."

चार दिवसांनी तिचा फोन आला. "ताई, माझं काय निघालं? मला बी हुनार का?"

"या तपासणीवरनं नाही सांगता येत."

"मग दोनदा रगत कशाला नेलं?"

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "वडिलांना आहे, तेव्हा तू जपायला हवं. मीठ कमी खा, वर्षातनं एकदा दाब मोजून घे."

"हे तर आमच्या दवाखान्यातली नर्स बी सांगती."

खरंच होतं ते.

तीन वर्षांच्या कामाच्या अहवालाच्या शेवटी 'अधिक अभ्यासाची गरज आहे' हे वाक्य मीच टाइप केलं, आणि रजा टाकली. चार दिवस नुसती पडून होते. आई सारखी विचारायची, काय दुखतंय? दुखत काहीच नव्हतं.