स्पेनची बडीशेप

घरात बडीशेप भाजली की मला गार्डन रीचचे आमचे क्वार्टर आठवते. वडील गेल्यावर आईला मी साताऱ्याहून कलकत्त्याला आणले होते. दोन घास खाऊन ती ताट सरकवायची, आणि मला तिची काळजी वाटू लागली होती.

शेजारचे दत्तबाबू बोटीवर इंजिनियर होते. एका रविवारी त्यांनी स्पेनहून आणलेली बाटली आईला दिली. "सौंफ का है, माशीमा. भूक लगेगी." घरात नवीन आलेला पदार्थ आई आधी देवापुढे ठेवी. तिने वाटीत थोडे ओतून पाणी घातले, तसे ते दुधासारखे पांढरे झाले. नैवेद्य दाखवून ती दोन घोट प्याली.

"माशीमा, चढ़ी क्या?" दत्तबाबूंनी हसत विचारले.

"म्हणजे ही दारू?" आईने माझ्याकडे पाहिले. दत्तबाबूंनी जीभ चावली. मी मनातून त्यांच्यावर भडकलो. आज वाटते, वडील गेल्यापासून आईची थट्टा करणारे ते पहिलेच.

आई देवांकडे वळली. "यांना आधी दाखवली होती. यांनी काही हरकत घेतली नाही." मग मला म्हणाली, "उभा काय राहिलास? भात वाढायला सांग. भूक लागलीय."