देवीचं नाव पहिलीत घातलं

माझ्या लेकीला लोक देवी मानू लागले, त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास सगळ्यात डळमळीत झाला होता. हे वाचून कुणाला हसू येईल. तेव्हा मला मात्र रडू यायचं. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आर्वीत आमचं किराण्याचं दुकान होतं. घरात हे, मी, धाकटे दीर आणि आमची एकुलती एक शालू. शालू सहा वर्षांची झाली तरी हाक मारली की वळायची नाही, कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही, भूक लागली तरी मागायची नाही. वैद्य झाले, अंगारे झाले, जिभेवर मध चोळून झाला. आदल्या वर्षी शाळेत घेऊन गेले, तर मुख्याध्यापक गुरुजींनी दारातूनच परत पाठवलं होतं.

शेवटी मी आमच्या गल्लीतल्या अंबादेवीला नवस बोलले. पोरीला बोलती कर, अकरा मंगळवार तिच्या पायांनी तुला अकरा प्रदक्षिणा घालवीन. पहिल्या मंगळवारी अकरा झाल्यावर मी तिचा हात धरला, तर तिने असा टाहो फोडला की पुजारीबुवा गाभाऱ्यातून धावत आले. म्हणाले, "फिरू द्या बाई, देवीच फिरवून राह्यली तिले." खरं सांगायचं तर शालूला गोल फिरायला आवडायचं, दुसरं काही नाही. प्रत्येक खांबाला तळहात लावायचा, कोपरा आला की टाचा उचलायच्या, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत पुढे जायचं. शंभरावर फेऱ्या झाल्या तेव्हा पायऱ्यांवर बायका जमल्या. तिसऱ्या मंगळवारी एकीने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्याच संध्याकाळी तिची हरवलेली म्हैस गोठ्यात येऊन उभी राहिली. म्हैस आपल्या मनाने आली असेल, पण आर्वीपासून पार समुद्रपूरपर्यंत नाव झालं ते शालूचं.

मग काय विचारता! मंगळवारी घरासमोर रांग लागू लागली. दिरांनी नारळ-कापूर दुकानाच्या पुढच्या फळीवर मांडला. मी कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली दिसले की ते म्हणायचे, "वहिनी, रडता काऊन? साक्षात देवी घरात आहे, अन् तुमाले पाटी-पेन्सिल पाहिजे!" मला पाटी-पेन्सिलच पाहिजे होती. मी पुन्हा शाळेत गेले. आता गुरुजी खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी शालूला नमस्कार केला. म्हणाले, "मायबाई, देवीले मी पहिलीत कसा बसवू? उद्या हातून एखादी छडी बसली तं गाव मले सोडन काय?" आदल्या वर्षी पोरगी शाळेसाठी कमी पडत होती, यंदा जास्त झाली होती. शाळेचं दार दोन्ही वेळा बंदच.

आठव्या की नवव्या मंगळवारी माझा तोल गेला. शालू फिरत होती, बायका हात जोडून उभ्या होत्या, आणि मी गाभाऱ्यापुढे उभी राहून मनातल्या मनात देवीशी चक्क भांडले. म्हटलं, तुझं देवपण तुझ्यापाशी ठेव. मी लेकरू बोलतं कर म्हणून मागितलं होतं, तू त्याला दगड करायला निघालीस. मला माझी पोरगी दे, मग पुढे तुला काय करायचं ते कर. मी थकले. एवढं बोलून मी पायरीवर बसले. मी काही सिद्ध करायला हे लिहीत नाही, जे झालं तेच सांगते. त्या वेळी खांद्याला पिशवी अडकवलेली, चष्मा लावलेली एक अनोळखी बाई देवळात शिरली.

तिने शालूकडे पाहिलं आणि शेजारच्या आजीला विचारलं, "ही काय म्हणते आहे?" आजी म्हणाली, "मंत्र म्हनते जी. देवीचा." चपला काढून बाई शालूच्या मागोमाग चालू लागली. खांब आला की तीही हात लावी, कोपऱ्यावर टाचा उचली. शालूने पहिल्यांदा कुणाकडेतरी वळून पाहिलं. एक फेरी पुरी करून बाई माझ्यापाशी आली, पदर तोंडाला लावून. म्हणाली, "अहो आई, हा तर एसटीचा मंत्र आहे!"

होताच तो. स्टँडवरचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. शालू म्हणत होती, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, पुलगाव मार्गे वर्ध्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे."

"तुम्हाला माहीत होतं?" बाईने विचारलं.

"हो."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"चाळीस बाया हात जोडून उभ्या असतात हो!"

ती हसली. मग मीही हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

बाई वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहायच्या आणि अशाच मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेतलेल्या शिक्षिका होत्या. त्यांच्या गाडीचं चाक आर्वीच्या स्टँडवर पंक्चर झालं होतं, म्हणून तासभर काढायला देवळात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतकं जसंच्या तसं ध्यानात ठेवणारी मुलगी शिकणार नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?" सरकारची एक योजना होती म्हणे. अशा मुलांना साध्याच शाळेत बसवायचं आणि आठवड्यातून दोनदा खास शिक्षिका येऊन शिकवणार. त्यासाठी डॉक्टरचा दाखला हवा आणि वर्ध्याच्या शिक्षण कार्यालयाचा आदेश. एवढं कागदावर लिहून देऊन त्या दुसऱ्या गाडीने निघून गेल्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी अर्धा दिवस शालूला नुसतं पाहिलं आणि दाखल्यावर एक शब्द लिहिला, ऑटिझम. घरी आल्यावर दीर दचकले. "अ‍ॅटम? बॉम्बवाला?" ह्यांनी त्यांना दुकानात पाठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गल्ल्यावरून उठून माझ्याबरोबर वर्ध्याला आले.

कार्यालयातल्या कारकुनांनी फॉर्म पुढे ओढला. त्यात चार खाने होते.

"अंध?"

"नाही."

"मूकबधिर?"

"ऐकू येतं. बोलतेही, पण आपल्याशी नाही."

"अस्थिव्यंग?" असं विचारून त्यांनी मान वर केली. शालू त्यांच्या टेबलाभोवती विसावी फेरी मारत होती. "हे तं नाई, दिसूनच राह्यलं. मतिमंद?"

"डॉक्टर म्हणाले, तसं म्हणता येणार नाही."

त्यांनी टाक खाली ठेवला. "बाई, तुमची पोरगी माह्या कोन्याच खान्यात बसत नाई. फाईल पुढं जानार कशी?" आणि मग शालूकडे पाहता पाहता त्यांचा चेहराच बदलला. "आर्वीची देवी तं नव्हे ही? माही माय येऊन गेलती दर्शनाले!" ते उठले. मागचे दोघे उठले. शिपायाने डोक्यावर रुमाल टाकला. "सांगा मायबाई, काय आज्ञा?"

शिक्का समोर होता. मी गप्प राहिले असते तरी काम झालं असतं. ह्यांनी मला कोपराने ढोसलंसुद्धा. पण मला वाटलं, आज हिला देवी म्हणून शाळेत घातलं तर तिथंही पोरं नारळच घेऊन येतील. मी म्हटलं, "साहेब, ती देवी नाही. माझी मुलगी आहे. तिला शाळा पाहिजे." शालूचे पाय तेवढे वाजत होते.

कारकून हळूहळू खाली बसले. वाटलं, झालं, हातातलं घालवलं. त्यांनी खण उघडला, लाकडी पट्टी काढली आणि फॉर्मवर चौथ्या खान्याच्या पुढे लाल शाईने एक नवा खाना आखला. मला विचारून विचारून त्यात तो शब्द लिहिला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. "बसली आता," ते म्हणाले.

आदेश आला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच बाई आर्वीला येऊ लागल्या. पहिला महिना शालू वर्गातल्या टेबलाखाली बसून राहिली, म्हणून बाईही पाटी घेऊन टेबलाखाली बसल्या. तपासणीला साहेब आले आणि त्यांनी विचारलं, शिक्षिका कुठे आहेत? गुरुजी घाम पुसत म्हणाले, "खाली आहेत जी."

लोकांची रांग आपोआप विरली. नारळ बरेच दिवस पुरले. शालूला वाचता येऊ लागलं, बेरजा येऊ लागल्या. बोलणं थोडंच आलं. पण दुसरीत असताना एका दुपारी मी तिच्या ताटात कारल्याची भाजी वाढली. तिने माझ्याकडे, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "आई, नको."

मी हात धुतला आणि तशीच देवळात गेले. काय म्हणावं ते सुचेना. इतकी वर्षं मी देवीला शरण जाते असं समजत होते, आणि प्रत्येक वेळी तिला काय करायचं, कसं करायचं, किती मंगळवारांत करायचं, हे सगळं बजावून येत होते. ज्या दिवशी थकून सांगणं सोडलं, त्या दिवशी तिने तिच्या पद्धतीने सुरू केलं. मी नुसते हात जोडले, काही मागितलं नाही, आणि घरी येऊन कारलं स्वतः खाल्लं.