खटकामावशीचा कान

कारखान्यात तिला सगळे खटकामावशी म्हणत. पाठीमागे म्हणत तसंच तोंडावरही म्हणत, आणि ती ओ देत असे.

कारखाना दुमजली होता. वर मनगटी घड्याळं बनत, खाली खिशात मावणारे मिटते चाकू. दोन्हींचं गिऱ्हाईक एकाच जातकुळीचं: सैनिक, खलाशी, डोंगर चढणारे, विजेच्या खांबावर चढून तारा जोडणारे. नक्षी, चकाकी, असले लाड या मालाला नव्हते. घड्याळ दगडावर आपटलं तरी चालत राहिलं पाहिजे, आणि चाकू ओल्या हातानं उघडला तरी उघडाच राहिला पाहिजे. कारण मिटता चाकू ऐन कामात मिटला, तर धार येते ती धरणाऱ्याच्याच बोटांवर.

तो मिटू नये म्हणून मुठीच्या आत एक पोलादी पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती सरकून त्याच्यामागे ठाण मांडते. यालाच खटका म्हणायचं. खटका नीट बसला की नाही, हे मावशी ऐकून सांगायची. पातं उघडताना दोन आवाज येतात, असं ती नव्या मुलींना शिकवी. आधी 'टक', म्हणजे पातं पूर्ण उघडून अडलं. मग अगदी बारीक 'टिक', म्हणजे पट्टी जागेवर बसली. 'टक' तर सगळेच चाकू करतात. ज्यानं 'टिक' केली तोच खरा.

ती या कामाला लागली ती नवऱ्याच्या जागी. तो वर घड्याळं जोडायचा. तो गेल्यावर मालकांनी तिला बोलावलं आणि खाली शेवटच्या टेबलावर बसवलं. नणंद आधीपासूनच वर होती, घड्याळात पाणी शिरतं का ते बघायच्या तपासणीवर. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच फाटकातून आत यायच्या आणि जिन्यापाशी वेगळ्या व्हायच्या. मावशीचा कान इतका तयार झाला, की पूर्वी प्रत्येक चाकू लाकडी ठोकळ्यावर दाबून बघायची पद्धत होती, ती फोरमननं बंदच केली. "मावशीचा कान असताना ठोकळा कशाला?" असं तो म्हणाला होता. त्या दिवशी देवापुढे हात जोडताना ती जरा जास्त वेळ उभी राहिली होती.

मग कान गेला. एकदम नाही, दिव्यातलं तेल सरावं तसा. आधी 'टिक' अंधूक झाली, मग कधी यायची, कधी नाही. घरी नणंदेच्या ते आधी लक्षात आलं.

"वहिनी, दारावरची बेल तिसऱ्यांदा वाजतेय. देवानं धाडलेला दूत असता तर परत गेला असता!"

"दूत बेल वाजवत नाहीत, वन्सं."

"वाजवत असतील. तुला कसं कळणार?"

मावशी हसली आणि विषय तिथेच मिटवला. टेबलावर मात्र तिनं एक युक्ती काढली. मुठीचं टोक जबड्याच्या हाडाला टेकवायचं आणि पातं उघडायचं. कानानं नाही तर हाडातून का होईना, धक्का कळायचा. अंगठाही आपोआप पट्टीवरून फिरून यायचा. या अंगठ्याकडे तिचं स्वतःचंही लक्ष नव्हतं.

मुलींचं लक्ष होतं ते जबड्याकडे. त्यातल्या एकीला तिथे बडबडी म्हणत, कारण तिची जीभ पात्याइतकीच चालायची. तिनं एक दिवस तसंच करून पाहिलं.

"अगं बाई! हाडात कसं झणकन लागतं! मावशी, हे आम्हाला आधी का नाही शिकवलं?"

मावशी म्हणाली, "आपापल्या कानानं ऐका गं." त्याच आठवड्यात शेजारी नवं पॉलिशचं यंत्र आलं आणि त्याच्या घरघरीत कुणाला काही ऐकू येईना. मग काय, सगळं टेबलच चाकू जबड्याला लावून बसू लागलं. फोरमन हिंडत हिंडत आला, बघून खूश झाला. "वा! गोंगाटातही काम थांबत नाही. मावशीचीच पद्धत ना?"

"हो!" बडबडीनंच उत्तर दिलं.

मावशी तेव्हा बोलू शकली असती. पण बोलायचं म्हणजे कशासाठी जबडा, हेही सांगावं लागलं असतं. ती पुढचा चाकू उचलून कामाला लागली.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बडबडीनं सफरचंद कापायला पास झालेल्या ट्रेमधला चाकू घेतला. ट्रेमधला माल वापरायचा नाही असा नियम होता, पण सुट्टीत नियमही जेवायला जातात. देठाजवळचा गाभा काढायला तिनं पात्याचं टोक दाबलं आणि चाकू मिटला.

बोट थोडक्यात वाचलं. कातडीच सोलली. मुली पट्टी बांधायला धावल्या, आणि बडबडी त्यातही म्हणालीच, "सफरचंद नाही कापलं, मीच कापले गेले!"

मावशीनं तो चाकू उघडून बघितला. अंगठा सवयीनं पट्टीवरून फिरला आणि अडखळला. पट्टी अर्धीच सरकली होती. तिनं कपाटामागून जुना ठोकळा शोधून काढला, धूळ झटकली आणि बडबडीच्या ट्रेमधले चाकू एकेक करून दाबले. काही मिटले. शेजारच्या मुलीच्या ट्रेमधलेही मिटले. तेव्हा तिला कळलं. हाडातून येते ती नुसती 'टक'. एवढ्या मोठ्या दणक्याखाली 'टिक' कुणाला लागणार! मुलींचे कान शाबूत होते, पण तिचं बघून त्यांनी कान टाकून हाड धरलं. आणि पट्टीवरून अंगठा फिरवायचं कुणीच उचललं नाही, कारण ते कुणाला दिसलंच नव्हतं.

मग तिनं स्वतःचा ट्रे ओढला. बराचसा माल ठोकळ्यावर ताठ राहिला. शेवटाकडचा एक चाकू मात्र मिटला. त्या चाकूकडे ती बराच वेळ बघत राहिली. हा नसता तर मुलींना रागावून मोकळं होता आलं असतं.

गोदामात खोकी भरून तयार होती. सकाळी गाडी येणार होती. एकदा माल बाहेर पडला की कुठला चाकू कुणाच्या खिशात, कुणी सांगावं! आणि हे फोरमनच्या कानावर घालायचं, तर स्वतःच्या कानाचंही सांगावं लागणार. ज्या कानावर खुर्ची टिकली, तोच गेल्यावर खुर्ची कोण ठेवतं?

तिनं त्या दिवशी काही सांगितलं नाही. घरी आल्यावर नणंदेनं चहाचा कप पुढे सरकवला.

"काय झालं? तोंड का असं?"

"वन्सं, मला ऐकू येत नाही."

"ते मला माहीत आहे. दुसरं काही झालंय का, ते विचारतेय."

मावशीनं सगळं सांगितलं. नणंदेनं मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, तेव्हा मावशीला आपलं प्रकरण केवढं आहे ते कळलं.

"दादा असता तर काय म्हणाला असता, तुला माहीत आहे," शेवटी नणंद म्हणाली.

"तो म्हणाला असता, आधी चहा पी."

"आणि मग?"

मावशीनं चहा संपवला. झोपण्याआधी देवासमोर उभी राहिली, पण मागितलं काहीच नाही. काय करायचं ते तिला कळलेलंच होतं. ते देवाला विचारून उगाच वेळ काढण्यात अर्थ नव्हता.

सकाळी ती फाटक उघडायच्या आधीच येऊन थांबली. फोरमन सायकलवरून उतरला तसा तिनं तो चाकू पुढे केला.

"गाडी थांबवा, साहेब. खोक्यांमधला माल परत तपासायला लागेल."

"का? मुलींनी घोळ घातला?"

"माझ्या ट्रेमधला आहे हा. मला 'टिक' ऐकू येत नाही, बरेच दिवस झाले. म्हणून मी जबड्याला लावत होते. मुलींना वाटलं, तीच रीत."

फोरमननं चाकू उघडला, अंगठ्यानं दाबला. तो मिटला. त्यानं परत उघडला, परत मिटला. जणू तिसऱ्या वेळी तरी चाकू शुद्धीवर येईल.

"आधी का नाही बोललात?"

"खुर्ची जाईल म्हणून."

"हं," तो म्हणाला. "आणि ठोकळा मी बंद केला." मग गाडीवाल्याला थांबवायला गेला.

दिवसभर खोकी फोडली गेली. मुली, फोरमन, मावशी, सगळे ओळीनं उभे राहून चाकू ठोकळ्यावर दाबत होते. बडबडी पट्टी बांधलेलं बोट वर धरून दाबत होती. "मावशी, मी उगाच वाहवा केली हो तुमच्या जबड्याची!" ती म्हणाली, आणि मावशीला ते बरोबर ऐकू आलं, कारण बडबडीचा आवाज हा काही 'टिक'सारखा नव्हता.

खटक्याची खुर्ची गेली. तिथे बडबडी बसली. ठोकळा तिच्या टेबलावर खिळे मारून पक्का केला. मावशीला वर पाठवलं, पाण्याच्या तपासणीवर.

"या, खटकामावशी," नणंद म्हणाली. तिनं स्टूल पुढे ओढलं. "घरी तुम्ही मोठ्या, इथे मी. इथे अहोजाहो करीन, पण ऐकायचं माझं."

"ऐकायचंच तर जमत नाही, वन्सं."

"मग बघा. पाण्यात काय, सगळेच बहिरे."

काचेच्या टाकीत घड्याळं सोडली होती. हवेचा दाब देऊन मग पाण्यात बुडवलेली, ओळीनं टांगलेली. कुठे फट असेल तर दाबानं आत शिरलेली हवा तिथून बाहेर येणार. मावशी पुढे वाकली. एका घड्याळाच्या चावीजवळ तिला बुडबुडा दिसला. तिनं लगेच हात वर केला.

नणंदेनं डोळे बारीक करून बघितलं. "ती बाहेर चिकटलेली हवा आहे. गळती असली तर एकामागून एक येतात. जरा थांबून बघायचं."

मावशीनं हात खाली घेतला आणि बघत राहिली.