काचेमागचा आदेश

पोलीस ठाण्याच्या समोर मावशीचं झेरॉक्सचं दुकान आहे. ती माझी मावशी नाही. साहित्य घेऊन एम.ए. झाल्यावर मी तिच्या कोपऱ्यातल्या टेबलावर लोकांचे अर्ज टाइप करायला बसलो. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मला मॅडम म्हणालास तर हाकलून देईन."

बावीस वर्षं ती तिथे उभी आहे. उभीच, कारण खुर्ची गिऱ्हाइकासाठी. नखांत कायमची काळी पूड. मशीनला ती सासूबाई म्हणते. "उठताना कुरकुर, बसताना कुरकुर आणि पहिला घास थुंकून टाकणार." खरंच, पहिली प्रत दर वेळी फिकट निघते. ती प्रत मावशी गिऱ्हाइकाला देत नाही. टेबलाखालच्या खोक्यात टाकते. मागची कोरी बाजू कच्च्या कामाला येते.

दुकानाचा नियम एकच, ओरिजिनल आणा. प्रतीची प्रत ती काढत नाही आणि तोंडी गोष्ट ऐकून घेत नाही.

ठाण्यातलं मशीन सहा वर्षं बंद आहे. तिथला सगळा कागद मावशीच्या हातून जातो. "यांना खरं लिहायचा कंटाळा," ती म्हणते, "आणि खोटं धड लिहिता येत नाही."

दुकानाच्या पायरीवर किल्लीवाला बसायचा. साठीचा, अबोल. कानस चालवताना त्याची जीभ बाहेर यायची. मावशीला ताई म्हणायचा. तिचा नियम त्यानेही उचलला होता. दुसऱ्याचं कुलूप उघडायचं तर आधी कागद दाखवा.

त्या दुपारी हवालदार आला. गल्ली त्याला मिशी म्हणते, कारण त्याच्यात सांगण्यासारखं दुसरं काही नाही. त्याच्या मेहुण्याला भाडेकरूची खोली उघडून हवी होती. भाडेकरू परगावी होता.

"चल, पेटी उचल."

"कागद आहे का, साहेब?"

"मी उभा आहे ना? मीच कागद."

किल्लीवाल्याने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शिक्का दिसत नाही," तो म्हणाला. त्याने चेष्टा केली नव्हती. तो खरोखर बघून बोलला होता. पण रांगेतले दोघे हसले आणि तेवढं पुरलं.

काठीच्या दोन फटक्यांत किल्लीवाला खाली पडला. पडल्यावर आणखी तीन. उजवं कोपर मोडल्याचा आवाज सासूबाईंच्या घरघरीतूनही ऐकू आला.

मी टाइप करत राहिलो. 'आपला विश्वासू' असं लिहीत होतो. मावशीने मोबाइल काढला, काउंटरवर कोपरं टेकली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत शूटिंग केलं. ती ओरडली नाही, जागची हललीही नाही.

थोड्या वेळाने आम्ही सगळे समोर ठाण्यात होतो. किल्लीवाल्यावर गुन्हा दाखल झाला होता. कानस घेऊन पोलिसावर हल्ला. हात लोंबत असलेला तो माणूस बाकावर बसून ऐकत होता. तुरुंगात गेला असता, आणि त्याच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट मावशीच्या मुठीत होती.

ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी मुठीतलं ओळखलं.

"व्हिडिओ काढायची परवानगी कुणी दिली?"

"बंदी कुणी केली?"

"पोलिसांचं शूटिंग करता येत नाही, बाई. कायदा आहे."

"कुठला? कोर्टातल्या निम्म्या वकिलांचे कागद माझ्याकडे छापतात. रस्त्यावर ड्यूटीवरच्या पोलिसाचं शूटिंग कुणीही करावं, फक्त मध्ये कडमडू नये. तुमच्याकडे वेगळं असेल तर ओरिजिनल दाखवा."

"मी सांगतोय ते पुरत नाही?"

"ते तोंडी आहे हो."

कोपऱ्यात लिहिणारा रायटर खाली मान घालून हसला. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण ज्याच्या टेबलावर शिक्का असतो त्याला कागद मागितला की झोंबतं. "लेखी हवं? घ्या लेखी! लिहा रे!"

रायटर हा त्या इमारतीतला एकमेव कामसू माणूस. चित्रीकरण कशाचं, हे नोंदवायला त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला. मग लिहिलं: 'सदर महिला हिने, हवालदार हे जमिनीवर पडलेल्या व हातात काहीही नसलेल्या इसमास काठीने समज देत असताना, विनापरवाना चित्रीकरण केले. ते तात्काळ नष्ट करण्यात येत आहे. यापुढे पोलिसांचे चित्रीकरण करण्यास सक्त मनाई आहे.' साहेबांनी न वाचता सही ठोकली. गोल शिक्का, जावक क्रमांक, तारीख.

मग नष्ट करायची वेळ आली. साहेबांना मोबाइलमध्ये व्हिडिओ सापडेना. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू शिकलेला दिसतोस. ये इकडे."

मी गेलो. काढून टाकला.

"कचऱ्याच्या डब्यातूनही काढ."

तेही केलं.

बाहेर आल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "एम.ए. ना रे तू?"

तासाभराने मिशी तोच आदेश घेऊन दुकानात आला. बाजारभर लावायला वीस प्रती हव्या होत्या. मावशीने कागद वाचला. मग पुन्हा, सावकाश. सासूबाई कुरकुरल्या. पहिली प्रत फिकट निघाली आणि खोक्यात गेली. पुढच्या वीस मिशी ऐटीत घेऊन गेला.

ओरिजिनल त्यांनी ठाण्याच्या दारातल्या काचेच्या फलकात लावलं. फलकाचं कुलूप वर्षानुवर्षं उघडंच लटकत होतं. मिशीने ते दाबून बंद केलं. किल्ली कुठे आहे, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही.

मावशीने खोक्यातली प्रत काढून किल्लीवाल्याच्या वकीलबाईंना दिली. त्यांनी ती वाचली, खुर्चीत बसल्या आणि पुन्हा वाचली. चार दिवसांनी त्यांची नोटीस ठाण्यात पोचली, आणि साहेबांनी आपला आदेश पहिल्यांदा वाचला.

संध्याकाळच्या आत बाजारातल्या वीसच्या वीस प्रती फाडल्या गेल्या. काचेमागचं ओरिजिनल राहिलं. मिशी हातोडी घेऊन आला. समोर मावशी काउंटरवर कोपरं टेकून, मोबाइल त्याच्यावर रोखून उभी. "मारा की," ती ओरडली, "उजेड चांगला आहे!" रांगेतल्या तिघाचौघांनीही मोबाइल वर केले. तो हातोडी पाठीमागे धरून आत गेला. मग त्यांनी काचेवर कॅलेंडर टांगलं.

रोज दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत मावशी तो फलक नजरेखाली ठेवून होती. बंद करताना त्याचा फोटो काढायची, उघडताना पुन्हा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मिशी पायरीशी आला. किल्लीवाला जामिनावर सुटला होता, हात प्लास्टरमध्ये.

"दादा, एक बारकं कुलूप आहे. नुसतं कसं उघडायचं ते सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला दादा म्हणत असावा.

"कुणाचं?"

"ठाण्याचं."

"लेखी आणा," किल्लीवाला म्हणाला.

कोर्टात साहेबांनी छाती काढून सांगितलं, असा आदेश निघालाच नाही. "अशी फिकट प्रत कुणीही बनवेल."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून विचारलं, "याचं ओरिजिनल कुठे आहे?"

मावशीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिला तो आवडला. "त्यांच्याच दारात, काचेमागे. कॅलेंडर तेवढं उचलावं लागेल."

कोर्टाचा कारकून पाठवला. तो चालत गेला, कॅलेंडर उचललं, मोबाइलने फोटो काढला. दारात पाच पोलीस उभे होते. शूटिंगला सक्त मनाई असल्याचं त्यांतल्या एकालाही आठवलं नाही.

न्यायाधीश बाईंनी आदेश मोठ्याने वाचला. 'हातात काहीही नसलेल्या' इथे थांबल्या. "मग कानस कुठल्या हातात होती?"

साहेब रायटरकडे बघत राहिले.

किल्लीवाला सुटला. मिशी निलंबित झाला, साहेबांची बदली झाली, आणि नव्या ठिकाणी ते पूर्वीइतकंच न वाचता सही करत असतील. ठाण्यातलं मशीन अजून बंद आहे. हवालदार कागद घेऊन येतात आणि रांगेत उभे राहतात.

कोपर सरळ होत नाही. किल्लीवाला आता डाव्या हाताने कानस चालवतो. माझ्या खणाची किल्ली त्याने तशीच केली. तिसऱ्या खेपेला लागते. मी बदलून मागितलेली नाही.

मावशीचा मोबाइल अडकतो तेव्हा ती अजूनही मला सांगत नाही. रांगेतल्या कुणालातरी विचारते.