दादर ते गिरगाव, उतरत उतरत

हिंदमाता आलं की बाबांची अर्धी गाडी रिकामी व्हायची. तेहतीस वर्षं ते बसवर कंडक्टर होते आणि त्यातली बरीचशी वर्षं दादरहून लालबाग, भायखळा करत गिरगावात जाणाऱ्या गाडीवर. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. डिसेंबरातल्या एका रविवारी मी अँटॉप हिलहून लालबागला आईबाबांकडे गेले होते. जेवताना बाबा मध्येच म्हणाले, "एवढी माणसं उतरून जायची कुठं, ते मी कधी बघितलंच नाही."

"कुठं म्हणजे? कापड घ्यायला," आई म्हणाली.

"ते माहीत आहे गो. पण बघितलं नाही ना."

खरंच होतं ते. पहाटे डेपोत जायचं, गाडीवर चढायचं, शेवटच्या स्टॉपला चहा प्यायचा आणि त्याच गाडीने परत फिरायचं. चार दिवस रजा मिळाली की मालवणला गावी. स्टॉपची नावं त्यांनी हजारदा पुकारली, पण घरचा लालबागचा स्टॉप सोडला तर मधल्या एकाही स्टॉपवर ते कधी उतरले नव्हते. आम्हा मुलांना फिरवायचं काम आईचं.

जानेवारीत मी ऑफिसात एक रजा टाकली आणि बाबांना फोन केला. "गुरुवारी दादर ते गिरगाव चालत जाऊ या. प्रत्येक स्टॉपवर उतरायचं."

"चालताना उतरायचं कसं?"

"गल्लीत शिरायचं."

बाबा म्हणाले, "माझी पहिली गाडी सहाची असायची. सहाला दादरला ये."

आईला मी चल म्हटलं, तर ती म्हणाली, "तुम्ही जा. घरात एक तरी माणूस धड पायांचं लागेल उद्या."

सहाला पाच मिनिटं कमी असताना मी पोचले तर बाबा आधीच उभे. इस्त्रीचा शर्ट, नवे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पाण्याची बाटली. पुलाखालच्या फुलबाजारात शिरलो आणि ते थबकलेच. झेंडूच्या राशी, शेवंतीच्या राशी, ओल्या गोणपाटावर मांडलेले गुलाब आणि त्यामधून पाटी डोक्यावर घेऊन "बाजू, बाजू" करत धावणारी माणसं.

"या ओल्या टोपल्यांवरून मी रोज भांडायचो," बाबा म्हणाले. "दरवाजात ठेवू नका, माणसं घसरतात म्हणून. बायका म्हणायच्या, फुलं आहेत कंडक्टर, दगड नाहीत." मग वाकून त्यांनी एका राशीत कोपरापर्यंत हात घातला. विकणारी बाई ओरडणार होती, पण त्यांचा चेहरा बघून तिने नुसतं विचारलं, "पहिल्यांदा आलात काय?"

"हो," बाबा म्हणाले. तिने एक चाफा त्यांच्या खिशाला लावून दिला.

हिंदमाताला दुकानं उघडायला अवकाश होता. आम्ही मिसळ खाल्ली, पायरीवर बसून पेपर वाचला आणि शटर वर गेल्या गेल्या एका साडीच्या दुकानात शिरलो. बाबांना फक्त बघायचं होतं. पण पांढऱ्या गादीवर एकदा बसलं की नुसतं बघता येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानदार साड्या उलगडत गेला आणि बाबा प्रत्येक साडीला "वा" म्हणत गेले. त्यामुळे दुकानदाराला आणखी चेव आला. तासाभराने आम्ही बाहेर पडलो तेव्हा बाबांच्या हातात आईसाठी एक मोरपिशी साडी होती.

"आता कळलं," ते म्हणाले. "जाताना रिकाम्या हाताने जाणाऱ्या बायका येताना तीन-तीन पिशव्या घेऊन का चढायच्या."

परळला पोचेपर्यंत ते माझ्यापुढे चालायला लागले होते. तिथे पुलाजवळ एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, बायको तोंडाला पदर लावून खाली बसलेली. त्याने बाबांना विचारलं, "काका, मोठा दवाखाना कुठं आला? आम्ही जालन्याकडून आलोय."

बाबांचं उत्तर तोंडपाठ होतं. "ही समोरची गल्ली. सरळ जा, समोरच गेट." एवढं बोलून ते पुढे निघाले आणि चार पावलांवर थांबले. "गाडीवर असताना एवढंच सांगता यायचं," मला म्हणाले. "आज घाई कसली आहे? पोचवू या." त्यांनी त्या माणसाच्या हातातली पिशवी घेतली.

गल्ली संपली तिथे गेट होतं. त्याला साखळी आणि कुलूप होतं. आतल्या वॉचमनने मान हलवली. "इथून नाही. केस पेपरची खिडकी मागच्या बाजूला. मेन रोडला परत जा, पुढच्या सिग्नलला वळा."

"कधीपासून बंद आहे हे?" बाबांनी विचारलं.

"मी बावीस वर्षं आहे इथं. कधी उघडलेलं बघितलं नाही."

आम्ही त्या दोघांना घेऊन परत फिरलो, सिग्नलला वळलो, विचारत विचारत मागच्या गेटापर्यंत गेलो. बायकोच्या चालीने चांगली वीस मिनिटं लागली. खिडकीसमोरच्या रांगेत त्यांना उभं करून बाबा बाहेर आले आणि कठड्यावर बसले.

"कुणीतरी मला सांगितलं होतं, मी पुढं सांगत राहिलो," ते म्हणाले. "आजारी माणसं गं. त्या गल्लीत जाऊन कुलूप बघून परत फिरली असतील."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

"मुद्दाम नाही केलं. पण उतरून बघितलंही नाही."

मला वाटलं, आता हे घरी जाऊ म्हणतील. दिवस इथेच संपला. मी माझी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली. दोन घोट प्यायले. समोर रस्त्यापलीकडे जुन्या गिरणीच्या जागी उभा राहिलेला काचेचा टॉवर उन्हात चमकत होता आणि त्याच्या पायाशी गळ्यात आयकार्ड घातलेली पोरंपोरी वडापाव खात होती. बाबा त्यांच्याकडे बघत होते. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल," म्हणाले. "आणखी काय काय चुकीचं सांगितलंय ते बघू."

त्यानंतर ते सुटलेच. स्टॉप दिसला की शिरलेच गल्लीत. कुठे पीठगिरणी, कुठे व्यायामशाळा, एका ठिकाणी नुसती भिंत. भिंत बघून म्हणाले, "इथं रोज एक माणूस उतरायचा. जायचा कुठं कोण जाणे." आणि त्या भिंतीला दरवाजा आहे का ते बघायला कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. होता, एक छोटासा. त्यांना कोण आनंद झाला.

लालबागला घर मध्येच येत होतं. बाबा म्हणाले, "वर गेलो की आई जेवायला बसवणार, जेवलो की मी आडवा होणार." म्हणून आम्ही उड्डाणपुलाच्या पलीकडच्या फुटपाथने, खांबांच्या आडोशाने निघालो. शंभर पावलंही गेलो नसू, माझा फोन वाजला.

"चोरासारखे कुठं चाललात?" आईने विचारलं. ती गॅलरीत उभी होती. "आणि त्यांच्या हातात ती पिशवी कसली?"

"काही नाही, पाणी आहे."

"हिंदमाताच्या दुकानाच्या पिशवीत?"

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "गाडी लेट आहे, थांबता येणार नाही," असं सांगून बंदच केला. एवढं हसले की डोळ्यांतून पाणी आलं. चिंचपोकळीच्या अलीकडे एका खानावळीत आम्ही बांगडा आणि सोलकढी घेतली. आणि जेवल्यावर आडवे न होता बाबा खरोखरच उठून चालायला लागले.

राणीच्या बागेच्या दारात ते म्हणाले, "इथं शाळेची पोरं उतरायची. उतरताना एवढा गोंगाट की ड्रायव्हरला घंटी ऐकू यायची नाही." आम्ही तिकीट काढून आत गेलो. पेंग्विनांच्या काचेपुढे एका शाळेची सहल उभी होती. बाबा पोरांच्या मागे टाचा वर करून उभे राहिले. एक पेंग्विन पाण्यात सूर मारून काचेला समांतर सर्रकन गेला, तशी सगळी पोरं ओरडली आणि त्या ओरडण्यात बाबांचाही आवाज होता. सहलीच्या बाई वळून बघायला लागल्या. आम्ही तिथे तिसरी सहल येऊन जाईपर्यंत होतो.

भायखळ्यापासून पुढचं अंतर मात्र अंगावर आलं. ग्रँट रोडला आम्ही उसाचा रस घेतला. माझ्या टाचेला फोड आला होता. बाबांच्या बुटांची नाडी मी बांधून दिली, कारण त्यांना वाकवेना. तरी टॅक्सीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

गिरगावात एका वाडीत शिरलो. लाकडी जिने, कठड्यांच्या गॅलऱ्या, दारापुढे तुळस, दोन घरं सोडून क्रूस. वरून एका आजींनी विचारलं, "कोण हवंय?"

"कुणी नाही. बघतोय नुसतं," बाबा म्हणाले. "मी इकडच्या गाडीवर कंडक्टर होतो."

"कुठल्या?"

बाबांनी नंबर सांगितला. आजी कठड्यावरून आणखी वाकल्या. "मग तुम्हीच ते. स्टॉप सोडून पुढं उभी करायचात गाडी. सामान घेऊन मागं चालत यायचो आम्ही."

"तो ड्रायव्हर, आजी. मी घंटी वेळेवर द्यायचो."

"घंटी दोनदा द्यायला काय झालं होतं?"

"दोनदा दिली की गाडी सुटते."

पाच मिनिटं दोघं तावातावाने भांडले. पहिल्या मजल्यावरून आणखी दोघी बाहेर येऊन ऐकायला लागल्या. शेवटी आजी म्हणाल्या, "वर या, पाणी प्या, मग भांडा." वर गेलो. पाण्याबरोबर नारळाच्या वड्या आल्या. त्यांची माणसं आता वसई-विरारला राहतात, त्या एकट्याच इथे. बाबांनी त्यांना सांगितलं, आमची गाडी स्टॉपवरून निघायची तेव्हा ही वाडी फक्त एका फटीएवढी दिसायची. त्या म्हणाल्या, "फटीतून आत आलात ते बरं केलंत."

चौपाटीवर पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. बाबांनी वाळूत बसून बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात गेले. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून ते एकदा समुद्राकडे आणि एकदा मागे रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावरून एक लाल बस चालली होती. खिडकीतल्या माणसांचे चेहरे इकडे वळलेले.

"ते बघतायत आपल्याकडे," बाबा म्हणाले. त्यांनी हात वर करून हलवला. बसमधून कुणी हात केला की नाही, ते मला त्या अंतरावरून दिसलं नाही. बाबा म्हणाले, एका बाईने केला.