खिडकी क्रमांक बावीस ते अठ्ठावीस

मी काचेला फिल्म लावतो. वीसेक वर्षं हाच धंदा. आधी गाड्यांच्या काचांना लावायचो. मग काळ्या काचांवर बंदी आली, पोलीस भर रस्त्यात गाड्या अडवून माझंच काम नखांनी खरवडून काढायला लागले आणि मी इमारतींकडे वळलो. मिरजोळ्याला एमआयडीसीच्या तोंडाशी माझा गाळा आहे. पाण्याची फवारणी, त्यात शांपूचे चार थेंब, रबराची पट्टी आणि धारेचं ब्लेड, एवढ्यावर संसार झाला. ह्या धंद्यात मी कुणाला फसवलं नाही, असं मी छाती ठोकून सांगत असे. आता सांगत नाही.

ती इमारत आंब्याचा रस आणि काजू परदेशात पाठवणाऱ्या एका कंपनीची. तीन मजले आणि जिथे बघाल तिथे काच. आपल्याकडे जुनी माणसं पडव्यांची छपरं खाली ओढून उन्हाला उंबऱ्याबाहेर थोपवायची. ह्यांनी पैसे खर्चून ते आत बोलावलं आणि मग ते घालवायला एसी लावले. पुढे परदेशी गिऱ्हाइकांनी विचारलं, तुमची इमारत पर्यावरणाला धरून आहे का, तसं प्रमाणपत्र आहे का? मालकांनी पुण्याहून सल्लागार आणला. तो म्हणाला, काचांना फिल्म लावा, उष्णता कमी आत येईल, एसी कमी चालेल, गुण मिळतील. अख्ख्या तालुक्यात हे काम नीट करणारा मी एकटा, म्हणून मला बोलावणं आलं.

माझी बायको त्याच इमारतीत कामाला. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, रेकॉर्डच्या खोलीत. तिच्यासोबत आणखी तिघीजणी. खोलीला सात खिडक्या, सगळ्या पश्चिमेच्या. दुपारी दोनला ऊन आत यायचं ते सहापर्यंत हलायचं नाही. एसी पुढच्या केबिनींना. फायलींना कशाला हवा एसी, असा हिशेब. फायलींपाशी चार बायका बसतात हे त्या हिशेबात नव्हतं. पंखा होता, तो गरम वारा फिरवायचा. बायकोला अर्धशिशीचा त्रास. घरी आली की ओला फडका डोळ्यांवर ठेवून तासभर पडून राहायची आणि तेवढा वेळ आम्ही भांडीसुद्धा वाजवायचो नाही.

त्यामुळे हे काम मला मिळालं ह्याचा आनंद माझ्याहून तिला जास्त. खोलीतल्या बायकांना तिने सांगून ठेवलं होतं, आता ह्या उन्हाळ्याला घाबरायचं कारण नाही, आमच्याकडचेच लावणार आहेत. मी मापं घ्यायला गेलो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत टेपचं दुसरं टोक तिने धरलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून खिडक्यांची यादीही तिनेच लिहिली. एक ते अठ्ठावीस. त्यांच्या खोलीच्या खिडक्या शेवटच्या, बावीस ते अठ्ठावीस. त्या आकड्यांखाली तिने हौसेने एक रेघ ओढली होती.

काम पुढून सुरू झालं. काचांवर समुद्राचं मीठ आणि जांभ्याची लाल धूळ इतकी बसलेली, की एकेक काच तीनतीनदा धुवावी लागली. पुढची बाजू पूर्वेची, तिथे सकाळचं कोवळं ऊन. मालकांच्या केबिनला लावून झाल्यावर मालक म्हणाले, रंग फिका वाटतो, अजून गडद हवी. ती काढली, दुसरी लावली. मग मीटिंगच्या खोलीची काढली, कारण ती केबिनीला मॅच होईना. एकविसाव्या खिडकीपाशी रोल संपला.

तपासणीची तारीख ठरलेली होती. मॅनेजर आमच्याच गावचा, शाळेत माझ्या एक वर्ष पुढे. त्याने काम पूर्ण झाल्याचा कागद पुढे केला. खिडकी क्रमांक एक ते अठ्ठावीस, फिल्म लावली, काम पूर्ण. मी म्हटलं, सात राहिल्यात. तो म्हणाला, मागे कोण बघतंय, आता सही कर, रोल आला की लावून टाक. तेवढ्यात पुण्याचा सल्लागार पाठीवर हात ठेवून म्हणाला, गणपतीपुळ्याला दोन हॉटेलं हेच प्रमाणपत्र घेणार आहेत, तुमचं नाव सुचवतो. मी सही केली. माझा हात कुणी धरला नव्हता, हे मी स्वतःला बजावून सांगतो, कारण मन फार लवकर दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

तपासणारे साहेब सकाळी दहाला आले. सकाळी दहाला पश्चिमेची खोली कुठलीही असो, थंडच असते. साहेबांनी दारातूनच मान आत घातली, छान गार आहे म्हणाले, कागदावर खूण केली आणि सुरमईचं ताट कुठे चांगलं मिळतं ते विचारलं.

तो कागद मग फाइलला लावायला गेला. फायली कुठे लावतात? रेकॉर्डच्या खोलीत. माझ्या बायकोच्या टेबलावर.

त्या दिवशी घरी आल्यावर ती पडली नाही. तिने भात वाढला, आमटी वाढली आणि समोर बसून विचारलं, “ती सही तुमचीच ना?”

मी म्हटलं, रोल येतोय, आठ दिवसांत लावतो.

“बावीस ते अठ्ठावीस मी माज्या हातानं लिवलंवतां,” ती म्हणाली. मग तिने आमटीवर झाकण ठेवलं. मला वाटलं होतं चिडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

रोल खरंच आला, मुंबईहून, माझ्या पैशाने मागवलेला. फवारणी, पट्टी, ब्लेड घेऊन मी इमारतीत गेलो. मॅनेजरने जिन्यातच अडवलं. मी सांगितलं, खर्च माझा, मजुरी माझी, तुम्हाला काहीच पडत नाही. तो चिडला नाही, उलट मऊ आवाजात बोलला.

“अरे, कागदावर फिल्म लागलेली हाय. आता तू शिडी घेऊन चढलास, कुणी इचारलान, तर आदी काय लावलंस म्हणून सांगशील?”

माझ्याच सहीने मी त्या सात खिडक्या कायमच्या बंद करून टाकल्या होत्या. न लावलेली फिल्म आता लावताही येणार नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रोल खांद्यावर टाकून मी गाळ्यावर परत आलो.

प्रमाणपत्राची पाटी लावायचा कार्यक्रम मात्र थाटात झाला. हिरव्या पानाचं चित्र असलेली पितळी पाटी, तिला हार. म्हाताऱ्या वॉचमनने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं. बा देवा महाराजा, ह्या वास्तूत जे काम झालं त्यात कुणाकडून काय चुकलंमाकलं असेल तर ते पोटात घाल. सगळ्यांनी होय महाराजा म्हटलं. मी तर जरा मोठ्यानेच म्हटलं. बायको समोर बायकांच्या रांगेत उभी होती. तिचे ओठ हलले नाहीत.

गणपतीपुळ्याची हॉटेलं मिळाली. एक मिळालं असतं आणि एक गेलं असतं तरी मनाला काहीतरी सांगता आलं असतं, दोन्ही मिळाली. त्यात घराला नवा रंग झाला. बायकोने रंग कुठला हवा तेही सांगितलं नाही.

रेकॉर्डच्या खोलीतल्या बायकांनी त्यांच्यापुरता उपाय केला. आंब्याच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, गव्हाच्या पिठाची खळ करून काचांवर डकवले. मला ते तिने सांगितलं नाही. एकदा पावती आणायला गेलो तेव्हा दिसले. सात खिडक्यांवर हापूसची चित्रं. खोलीत दिवसाढवळ्या ट्यूब पेटलेली, पण डोक्यावरचं ऊन गेलं होतं. तिची अर्धशिशीही कमी झाली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझ्या धंद्याला जे जमलं नाही ते पिठाच्या खळीने केलं होतं.

ह्या वर्षी प्रमाणपत्राची मुदत संपत आली. नव्याने तपासणी. मॅनेजरचा फोन आला, काचा पुसून चकाचक करायच्या आहेत, आणि मागचे ते पुठ्ठे काढ, साहेब ह्या वेळी आत आले तर बरं दिसणार नाही. मी नाही म्हणू शकलो असतो. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारणाखाली माझीच सही होती.

पुढच्या काचा संपवून मी मागे पोचलो तेव्हा तीन वाजले होते. त्या तिघी उठून बाहेर गेल्या. बायको रजिस्टर लिहीत बसून राहिली. मी बावीसपासून सुरुवात केली. पुठ्ठा भिजवायचा, ब्लेड घालायचं, सोलायचं, राहिलेली खळ खरवडायची. पंचवीस नंबरची खिडकी तिच्या टेबलासमोरची. तिथला पुठ्ठा निघाला आणि ऊन थेट तिच्या तोंडावर आलं. तिने डोळे बारीक केले, पण लिहायचं थांबवलं नाही.

मी म्हटलं, खुर्ची जरा मागे घे.

“कशाला?” मान वर न करता ती म्हणाली. “फिल्म लावलेली हाय ना.”

मी पुढच्या खिडकीकडे सरकलो. अजून तीन राहिल्या होत्या.